मेमरी कार्ड घेताना जीबीच्या आधी यंत्र विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सणासुदीच्या जाहिरात पुरवण्यांमध्ये मोबाइल विक्रेत्यांच्या जाहिराती अलीकडे पुष्कळ असतात आणि त्यांत ‘फोनसोबत मेमरी कार्ड मोफत’ किंवा ‘गेमिंगसाठी खास मेमरी कार्ड’ अशी एखादी ओळ हटकून दिसते. त्या ओळीत कार्ड किती जीबीचे आहे एवढाच तपशील असतो. ते कोणत्या श्रेणीचे, किती वेगाचे आणि मुख्य म्हणजे कोणत्या यंत्रात चालणारे आहे, याचा उल्लेख नसतो. सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइल आणि खेळांच्या यंत्रांची दुरुस्ती करणे हा माझा व्यवसाय असल्याने अशी कार्डे घरी गेल्यानंतर त्यांचे काय होते ते मला रोज पाहायला मिळते. बनावट कार्डांनी फसलेले ग्राहक येतात हे खरेच, परंतु त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक ग्राहक असे येतात, की ज्यांनी अस्सल कार्ड पूर्ण किंमत मोजून घेतलेले असते आणि तरीही ते त्यांच्या कामाचे नसते. दुकानात शिरल्यावर “१२८ केवढ्याला?” हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न असतो. तो प्रश्न बदलावा, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

आज फोनमध्ये आणि हातात धरून खेळायच्या यंत्रांमध्ये जे कार्ड जाते ते मायक्रोएसडी होय. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असा नखाएवढा तुकडा. सॅनडिस्क कंपनीने २००४ मध्ये तो ट्रान्सफ्लॅश या नावाने आणला आणि पुढच्या वर्षी एसडी असोसिएशनने त्याला मायक्रोएसडी हे नाव देऊन आपल्या मानकांत घेतले. आकार तेव्हापासून तोच राहिल्यामुळे वीस वर्षांतली सगळी कार्डे वरवर सारखी दिसतात आणि कोणत्याही खाचेत बसतात; गोंधळाचे मूळ इथेच आहे. बसते म्हणजे चालते असे नाही. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंतचे (१ टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) एसडीएक्ससी आणि त्याहीपुढचे एसडीयूसी, अशा या पिढ्या आहेत. नवे यंत्र जुनी पिढी वाचते, पण जुने यंत्र नवी पिढी वाचेलच असे नसते. शिवाय २ जीबीच्या पुढची ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ या पद्धतीने आणि त्यापुढची एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि ही दुसरी पद्धत अनेक साध्या यंत्रांना ठाऊकच नसते.

याचा सर्वाधिक त्रास बटनांचे फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांना होतो. आपल्या शहरात आणि आसपासच्या अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या गावांत अभंग, भजने, कीर्तने किंवा कन्नड-तेलुगू भक्तिगीते कार्डावर भरून घेऊन ती बटनांच्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर ऐकणारी मंडळी भरपूर आहेत. नातू पुण्याहून येताना आजोबांसाठी कौतुकाने ६४ जीबीचे कार्ड आणतो, आजोबांचा फोन ‘कार्ड फॉरमॅट करा’ एवढेच सांगत राहतो आणि मग ते कार्ड ‘खराब’ म्हणून माझ्याकडे येते. त्या कार्डात काहीही बिघाड नसतो. अशा फोनला १६ किंवा ३२ जीबीचे साधे क्लास १० कार्ड (वेगाच्या या चिन्हांविषयी पुढे लिहिले आहे) पुरते आणि त्याहून मोठे घेण्यात काही अर्थ नाही.

स्मार्टफोनच्या बाबतीत पहिली पायरी याहूनही सोपी आहे, पण तीच वगळली जाते. आपल्या फोनला कार्डाची खाच आहे का, हे आधी पाहावे. ॲपलच्या आयफोनला ती कधीच नव्हती. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ मालिकेपासून आपल्या वरच्या श्रेणीतल्या त्या फोनमधून ती काढून टाकली आणि इतर अनेक कंपन्यांचे महागडे फोनही त्याच वाटेने गेले. मध्यम आणि कमी किमतीच्या फोनमध्ये खाच अजून मिळते, परंतु त्यातही पुष्कळांत ट्रे हायब्रिड असतो, म्हणजे एका घरात दुसरे सिम तरी बसवा किंवा कार्ड तरी. एक सिम घरचे आणि एक धंद्याचे ठेवणाऱ्या माणसाला मोफत मिळालेले कार्ड मग कपाटातच ठेवावे लागते. दुसरे सिम आणि कार्ड एकाच घरात कोंबण्यासाठी काही जण सिम घासून पातळ करतात आणि कार्डावर चिकटवतात; त्या उद्योगात ट्रे अडकून आतल्या पिना वाकलेले फोन माझ्या टेबलावर येतात तेव्हा दुरुस्तीचा खर्च कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

आता मोबाइलवरच्या गेमिंगकडे वळतो, कारण ‘गेमिंगसाठी खास’ या शब्दांवर सर्वांत जास्त पैसे महाविद्यालयीन मुलांचे जातात. त्यांची समजूत अशी असते, की वेगवान कार्ड टाकले की फोनवरचा गेम लवकर उघडेल आणि अडखळणार नाही. अँड्रॉइडमध्ये एखादे ॲप कार्डावर हलवता येईल की नाही, हे ते ॲप तयार करणारा ठरवतो. त्याने मुद्दाम परवानगी दिली नसेल तर ॲप फोनच्या आतल्या साठ्यातच राहते. आजचे मोठे गेम बहुतांशी आतच राहतात. आणि समजा एखादा गेम हलवता आला, तरी हल्लीच्या बऱ्यापैकी फोनमधला यूएफएस प्रकारचा आतला साठा कोणत्याही साध्या मायक्रोएसडी कार्डापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान असतो, त्यामुळे हलवलेला गेम आधीपेक्षा सावकाशच उघडेल. फ्रेम अडखळण्याचा संबंध तर प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम आणि फोन तापण्याशी अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत बसून खेळणाऱ्या मुलाचा फोन स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. तिथे कार्ड बदलून काय होणार?

म्हणून फोनवर खेळणाऱ्याला कार्डाचा उपयोग होतो तो आडवाटेने. फोटो, व्हिडिओ, उतरवून ठेवलेली गाणी आणि चित्रपट, व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि गॅलरीत साचलेल्या फायली हे सगळे कार्डावर हलवावे आणि आतली जागा गेमसाठी मोकळी करावी. आतला साठा काठोकाठ भरला की फोन मंदावतो आणि गेमचे अपडेट अडकते. जागा मोकळी झाली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. या कामासाठी भरवशाच्या कंपनीचे, यू१ किंवा यू३ चिन्हाचे मध्यम किमतीचे कार्ड पुरेसे आहे. त्यासाठी दुप्पट किंमत मोजून ‘गेमिंग’ असे छापलेले कार्ड घेण्याची गरज नाही, हे मी स्वतः कार्डे विकत असूनही सांगतो.

याच संदर्भात एका सोयीबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्डाला आतल्या साठ्याचाच भाग करून टाकण्याची सोय आली. कार्ड घातल्यावर फोन विचारतो, की हे बाहेरचे म्हणून वापरू की आतले म्हणून? काही कंपन्या ही सोय देतात, काहींनी ती बंद ठेवली आहे. ‘आतले’ हा पर्याय निवडला की कार्ड नव्याने फॉरमॅट होते आणि सांकेतिक रूपात त्या एकाच फोनशी बांधले जाते. पुढे तो फोन पडून बंद झाला, तर कार्ड धडधाकट असूनही दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात त्यावरचे काहीही वाचता येत नाही, कारण किल्ली मेलेल्या फोनमध्ये राहिलेली असते. लग्नाचे फोटो, बाळाच्या बारशाचे व्हिडिओ अशा गोष्टी या रीतीने अडकलेले लोक माझ्यापुढे अक्षरशः हात जोडतात आणि मला त्यांच्यासाठी काहीही करता येत नाही. फोन आधी चालू करता आला तरच पुढचे बोलणे. ज्या कार्डावर फोटो ठेवायचे ते नेहमी ‘बाहेरचे’ म्हणूनच वापरावे.

कार्डावर छापलेल्या चिन्हांची ओळख करून घेणे अवघड नाही, फक्त ती भिंगाखाली दिसावीत इतकी बारीक असतात. गोलात किंवा मोठ्या सी अक्षरात लिहिलेला १० म्हणजे क्लास १०. इंग्रजी यू अक्षरात १ किंवा ३ असतो. व्ही अक्षरापुढे ६, १०, ३०, ६० किंवा ९० असे आकडे असतात. ही तिन्ही चिन्हे एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे सलग लिहिताना कार्डाचा वेग किमान किती राहील. क्लास १०, यू१ आणि व्ही१० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. व्हिडिओ चित्रित करणाऱ्याला या आकड्यांचे महत्त्व आहे, कारण चित्रण चालू असताना वेग घसरला तर ते मध्येच तुटते. फोनवरच्या फोरके चित्रणाला सेकंदाला साधारण ६ ते १२ एमबी लागतात, तेव्हा व्ही३० चे कार्ड त्याला निर्धास्त पुरते. व्ही६० आणि व्ही९० हा मोठ्या कॅमेऱ्यांचा विषय आहे.

गेमसाठी मात्र पाहायचे चिन्ह वेगळेच आहे आणि ते म्हणजे ए१ किंवा ए२. गेम उघडताना यंत्र एक मोठी फाइल सलग वाचत बसत नाही. कुठे एखादे चित्र, कुठे आवाज, कुठे नकाशाचा कोपरा, असे हजारो छोटे तुकडे कार्डावरच्या वेगवेगळ्या जागांवरून उचलत असते. गोदामातून चादरींचे एक अख्खे गठडे उचलून टेम्पोत टाकायला वेळ लागत नाही, पण शंभर गठड्यांतून एकेक टॉवेल काढून द्यायचा म्हटले की तोच हमाल दमतो. कार्डाचेही तसेच आहे. ए१ श्रेणीचे कार्ड सेकंदाला असे सुटे तुकडे वाचण्याच्या किमान १,५०० आणि लिहिण्याच्या किमान ५०० क्रिया करेल, अशी हमी मानकात आहे. ए२ साठी हेच आकडे ४,००० आणि २,००० आहेत. दोन्हींना सलग लेखनाचा किमान १० एमबीचा वेगही राखावा लागतो. आकडे पाहून ए२ च घ्यावे असे कोणालाही वाटेल. पण त्यात एक मेख आहे. ए२ चा वरचा वेग मिळण्यासाठी यंत्रालाही कामांची रांग लावून कार्डाकडे सोपवण्याची आणि कार्डाची कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, वापरण्याची रीत यावी लागते, आणि ती पुष्कळ यंत्रांना येत नाही. अशा यंत्रात ए२ कार्ड ए१ सारखेच चालते, कधी कधी तर किंचित मंदही. माझा सल्ला असा, की किंमत जवळपास सारखी असेल तर ए२ घ्यावे, आणि फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर चांगल्या कंपनीचे ए१ घेऊन उरलेल्या पैशांत जागा वाढवून घ्यावी.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक छापलेल्या ‘१६० एमबी’, ‘२०० एमबी’ या आकड्यांनी तर फारच दिशाभूल होते. तो वाचनाचा कमाल वेग असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘पर्यंत’ असते आणि लेखनाचा वेग मागच्या बाजूला असतो किंवा नसतोच. बहुतेक फोन आणि गेमिंग यंत्रांतली खाच यूएचएस-१ प्रकारची असते आणि त्या जोडणीची मानकानुसार कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्याहून मोठा आकडा कंपनीने आपल्या स्वतःच्या युक्तीने आणि बहुधा स्वतःच्याच कार्ड रीडरमध्ये मिळवलेला असतो. तो आकडा खोटा म्हणता येत नाही. पण ग्राहकाच्या हातातल्या फोनमध्ये तो कधी दिसत नाही, आणि त्याने पैसे मोजलेले असतात ते त्याच आकड्याचे.

कार्डाची खरी कसोटी लागते ती हातात धरून खेळायच्या यंत्रांत. सोलापुरात अशी यंत्रे थोडी असली तरी पुणे-हैदराबादला नोकरी करणारी मुले ती घेऊन घरी येतात आणि मागे धाकट्या भावंडांच्या हाती सोपवून जातात, त्यामुळे त्यांच्याविषयीची विचारणा वाढली आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचचा आतला साठा अवघा ३२ जीबी. त्यात दोन-तीन मोठे गेम उतरवले की जागा संपते, आणि म्हणून तिथे कार्ड ही गरजच आहे. हे यंत्र यूएचएस-१ कार्डे वापरते, तेव्हा १२८ किंवा २५६ जीबीचे ए१, यू३ कार्ड त्याला उत्तम. संगणकावरचे गेम हातात धरून खेळता येणाऱ्या २०२२ च्या स्टीम डेक या यंत्रालाही यूएचएस-१ चीच खाच आहे. संगणकावरचे गेम आकाराने अवाढव्य असल्याने तिथे ५१२ जीबीचा विचार करायला हरकत नाही, पण यूएचएस-२ या पुढच्या, अधिक वेगवान जोडणीचे महाग कार्ड त्यात घातल्याने काही साधत नाही.

जून २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ आले आणि त्याने हे सगळे गणित बदलले. त्याचा आतला साठा २५६ जीबीचा आहे, पण वाढीव साठ्यासाठी ते फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस हीच कार्डे स्वीकारते. जुन्या स्विचमधले साधे कार्ड त्यात घातले तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे नव्या यंत्रात घेता येतात, गेम ठेवता येत नाहीत. एक्स्प्रेस कार्डाची जोडणी संगणकातल्या एसएसडी या वेगवान साठ्याच्या धर्तीवर चालते आणि मानकाच्या पहिल्या आवृत्तीत तिची मर्यादा सेकंदाला ९८५ एमबी इतकी आहे, म्हणजे यूएचएस-१ च्या नऊ पटींहून अधिक. कार्ड उलटे करून पाहिले तर नेहमीच्या सोनेरी पट्ट्यांखाली पट्ट्यांची आणखी एक रांग दिसते. वरच्या बाजूला ‘ईएक्स’ अशी खूण असते. यातली गंमत अशी, की हेच महागडे कार्ड कोणी फोनमध्ये किंवा जुन्या स्विचमध्ये घातले तर ते चालते, पण यूएचएस-१ च्याच वेगाने. याचा अर्थ दुकानदाराने ‘हे सर्वांत नवे, सर्वांत वेगवान’ असे सांगून ते फोनवाल्याला विकले तर तो खोटे बोलला असे म्हणता येत नाही आणि ग्राहकाचे पैसे मात्र पाण्यात जातात. स्विच २ साठी कार्ड घेणाऱ्याने दुकानात ‘एक्स्प्रेस’ हा शब्द उच्चारूनच मागणी करावी. स्विच २ च्या काही खेळांच्या गेम कार्डांत (दुकानात मिळणाऱ्या कार्ट्रिजमध्ये) संपूर्ण गेम नसतो, केवळ तो उतरवून घेण्याची किल्ली असते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. गेम कार्ड विकत घेतले तरी जागा लागतेच.

जुन्या यंत्रांचे दर्दी आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याविषयी दोन शब्द. पहिल्या प्लेस्टेशनचे कार्ड १२८ केबीचे होते आणि त्यात १५ खाने होते. प्लेस्टेशन २ चे ८ एमबीचे. ती कार्डे खेळ कुठवर आला एवढीच नोंद ठेवत, गेम चकतीवर असे. सोनीच्याच पीएसपी या हातात धरायच्या यंत्राला मेमरी स्टिक प्रो ड्युओ हे सोनीचे कार्ड लागते आणि ते आता नवे मिळणे कठीण. त्यात मायक्रोएसडी बसवायचा अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि बरा चालतो. त्यानंतरच्या पीएस व्हिटा या यंत्राला मात्र सोनीने स्वतःपुरतीच वेगळी कार्डे केली होती. जुने व्हिटा घेताना त्यासोबत कार्ड आहे का ते आधी पाहावे, नाहीतर यंत्राच्या किमतीत कार्ड शोधत फिरावे लागते.

बनावट कार्डांबद्दल न लिहून चालणार नाही. ऑनलाइन किंवा यात्रेतल्या स्टॉलवर ‘१ टीबी’ छापलेले कार्ड काही शे रुपयांत मिळते तेव्हा आत बहुधा ८, १६ किंवा ३२ जीबीची चिप असते. कार्डातल्या कंट्रोलरला (कार्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपला) खोटा आकडा सांगायला शिकवलेले असते, त्यामुळे फोनही १ टीबीच दाखवतो आणि ग्राहक खूश होतो. खरी जागा भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर लिहिलेले एकतर हवेत विरते किंवा आधीच्या फायलींवरच लिहिले जाते. फायलींची नावे मात्र यादीत दिसत राहतात, कारण यादी कार्डाच्या सुरुवातीच्या खऱ्या भागात असते. मध्यंतरी एका हौशी छायाचित्रकाराने आणलेल्या अशा कार्डावर सुरुवातीचे फोटो स्वच्छ होते, मग अर्धा फोटो नीट आणि खालचा अर्धा करडा, आणि त्यापुढे नावे आणि तारखा होत्या पण चित्र कशातच नव्हते. हे फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत, कारण ते कधी कुठे लिहिलेच गेलेले नसतात. ‘रिकव्हरी करून देतो’ असे सांगून अशा कार्डावर आगाऊ रक्कम घेणाऱ्यांपासूनही सावध राहावे.

तपासणी घरच्या घरी करता येते. विंडोज संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधने कार्ड शेवटपर्यंत भरतात आणि लिहिलेले परत वाचून पडताळतात. वेळ लागतो, ६४ जीबीचे कार्ड सेकंदाला २० एमबीने भरायचे तर नुसते भरायलाच पाऊण तासाहून अधिक लागतो, तेव्हा मोठे कार्ड रात्री लावून ठेवावे. नवे कार्ड घेतल्याबरोबर, त्यावर एकही फोटो ठेवण्याआधी ही तपासणी करावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. याउलट, १२८ जीबीचे कार्ड संगणकात ११९ जीबीच दिसते म्हणून जे ग्राहक भांडायला येतात त्यांची तक्रार चुकीची आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि संगणक १,०२४ च्या पटीत मोजतो. ६४ चे ५९ आणि २५६ चे २३८ दिसणे हे अस्सलच आहे.

आणखी एक बिघाड लोकांना फार चक्रावून टाकतो. कार्ड फॉरमॅट मारले, ‘पूर्ण झाले’ असा संदेश आला, आणि कार्ड काढून पुन्हा घातले तर जुने फोटो जसेच्या तसे हजर. हा व्हायरस नाही. फ्लॅश मेमरीच्या पेशी ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येतात आणि झिजलेली काही कार्डे शेवटी लेखन बंद करून केवळ वाचनापुरती उरतात. त्या स्थितीत आहे ते ताबडतोब उतरवून घ्यावे आणि कार्ड टाकून द्यावे. गाडीतल्या डॅशकॅमला किंवा दुकानातल्या कॅमेऱ्याला चोवीस तास लेखन लागते, म्हणून त्यांत ‘हाय एंड्युरन्स’ प्रकारचेच कार्ड घालावे. साध्या कार्डाची हमी अशा वापराला पुष्कळदा लागू नसते, आणि हे हमीपत्राच्या तळटिपेत लिहिलेले असते.

आता माझी मागणी. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे बंधनकारक आहे. असे असताना बाजारात सुटी कार्डे काचेखालच्या डबीतून काढून हातावर ठेवली जातात आणि बिल मागितले तर ‘मेमरी कार्डाचे कसले बिल’ असे ऐकवले जाते. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, की बिलावर नुसते ‘मेमरी कार्ड, १ नग’ असे न लिहिता कंपनी, मॉडेल, जीबी आणि ए-यू-व्ही यांपैकी जी चिन्हे असतील ती लिहावीत. पाच वर्षांची किंवा दहा वर्षांची हमी पाकिटावर कितीही ठळक छापलेली असली तरी बिलाशिवाय ती वापरता येत नाही, हे आपण सगळे जाणतो. ग्राहकांनीही बिलाचा आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाण्याचा मार्गही खुला आहे. दोनशे-तीनशे रुपयांच्या कार्डासाठी कोणी तिथवर जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बिलाचा आग्रह दुकानातच धरलेला बरा.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जाहिरातीतला प्रत्येक शब्द तपासणे संपादकांचे काम नाही हे मान्य करूनही असे सुचवावेसे वाटते, की मेमरी कार्डाची किंवा कार्डासह फोनची जाहिरात स्वीकारताना जाहिरात विभागाने जीबीच्या शेजारी कार्डाची श्रेणी आणि फोनची खाच स्वतंत्र आहे की हायब्रिड, हे दोन शब्द विक्रेत्याकडून मागून घ्यावेत. एका ओळीतही ते मावतात. प्रामाणिक विक्रेत्याची त्याला हरकत असण्याचे कारण नाही, आणि पुढच्या गड्ड्याच्या यात्रेआधी ही पद्धत सुरू झाली तर जानेवारीतल्या खरेदीला तिचा उपयोग होईल.

कळावे.

आपला विश्वासू,
मोबाइल दुरुस्तीचा व्यवसाय करणारा एक वाचक
नवी पेठ, सोलापूर